दोन सिलिंडर आणि एरंडाचं गुऱ्हाळ

मॉडेल विमानाच्या इंजिनाला एकच सिलिंडर असतो तोवर माणसं विमानं उडवतात. दुसरा सिलिंडर आला की विमान टेबलावर राहतं आणि माणसं हवेत जातात. एका सिलिंडरला एक कार्ब्युरेटर पुरतो, याबद्दल जगात दुमत नाही. दोन सिलिंडरांना एक द्यावा की दोन, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही आणि तो सुटू नये म्हणून दोन्ही पक्ष रविवारची झोप मोडून पहाटेच माळावर हजर असतात.

मुळात दोन सिलिंडरांचं इंजिन घ्यावंच का, हे विचारायचं नसतं. तेवढ्याच ताकदीचं एका सिलिंडरचं इंजिन स्वस्त असतं, हलकं असतं आणि फारसे आढेवेढे न घेता सुरू होतं. पण समोरासमोर बसवलेले दोन सिलिंडर जुन्या बायप्लेनच्या नाकाडातून दोन्हीकडे डोकावतात, तेव्हा विमान खऱ्यासारखं दिसतं. दोन पिस्टन एकमेकांचे धक्के खोडून काढतात, म्हणून थरथर कमी होते. आणि आवाज! घरात ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही असे गृहस्थ इथे इंजिनाचा आवाज चारचौघांना थांबवून ऐकवतात.

हे इंजिन बहुधा पितं मिथेनॉल. त्यात थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल, त्यातही जुन्या खोडांचा आग्रह एरंडेलाचाच. लहानपणी ज्या एरंडेलाची बाटली दिसली की ही मंडळी माळ्यावर लपत, त्याच एरंडेलाच्या धुरात आता डोळे मिटून उभी राहतात. एरंडाचं गुऱ्हाळ अक्षरशः चालतं असं हे एकमेव ठिकाण असावं.

आता ज्याच्यासाठी एवढं रण पेटतं तो कार्ब्युरेटर केवढा? अंगठ्याएवढा. आत एक भोक पडलेला दांडा फिरतो, त्याला बॅरल म्हणायचं. तो फिरला की हवेची वाट उघडते किंवा मिटते. अरुंद गळ्यातून जाताना हवा वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि टाकीतलं इंधन सुईच्या कडेनं आत ओढलं जातं. सुई आत फिरवली की इंधन कमी, म्हणजे लीन. बाहेर फिरवली की जास्त, म्हणजे रिच. याखेरीज आयडलसाठी दुसरी एक छोटी सुई. झालं. एवढ्या ऐवजावर माणसं म्हातारी होतात.

मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट इथे नसतो. टाकीत लवचिक नळीच्या टोकाला एक जड गोळा असतो. विमान उलटं झालं की इंधन छताला जातं आणि गोळाही त्याच्यामागून तिकडेच जातो. त्यामुळे हातभर लांबीचं खेळणं पोटावर ऊन घेत निवांत उलटं उडतं. १९४० सालच्या ब्रिटिश लढाऊ स्पिटफायरला हे जमत नव्हतं. तिच्या मर्लिन इंजिनात फ्लोटचा कार्ब्युरेटर होता, वैमानिकानं नाक झपकन खाली दाबलं की इंधन वर चढायचं आणि इंजिन ठसकायचं. जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट सिलिंडरात फवारलं जाई, तो खुशाल सूर मारून पसार व्हायचा. शेवटी फार्नबरोच्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग या इंजिनीअरबाईंनी १९४१ मध्ये भोक पाडलेली एक लहानशी चकती बसवून तो ठसका बराचसा आवरला. हजार घोड्यांचं इंजिन, देशाची अब्रू पणाला लागलेली, आणि उतारा काय, तर एक चकती. ही कथा माळावर दोन्ही पक्षांना प्रिय आहे. एका कार्ब्युरेटरवाले म्हणतात, बघा, साधेपणा जिंकला. दोन कार्ब्युरेटरवाले म्हणतात, बघा, कार्ब्युरेटरकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

माळावर तीन दर्शनं नांदतात. पहिलं केवलाद्वैत. मोठ्या पेट्रोल टू-स्ट्रोक इंजिनवाल्यांचं. अ‍ॅरिझोनाचं डीए-१०० घ्या किंवा चिनी डीएलई-१११ घ्या, समोरासमोरचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात आणि दोघांच्या पोटाखाली क्रँककेस एकच. मिश्रण आधी त्या सामायिक पोकळीत येतं, तिथून दोघांना मिळतं आणि दोन्हीकडे ठिणगी एकदमच पडते. सिलिंडर दोन आहेत हा केवळ भास. श्वास एक, स्फोट एक, म्हणून कार्ब्युरेटरही एक. तोसुद्धा झाडं तोडायच्या यांत्रिक करवतीच्या घराण्यातला, पडद्याचा, कसाही वाकडातिकडा धरला तरी चालणारा. या लोकांशी वाद घालायला जागाच नाही, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. ते बिचारे विमान उडवतात आणि घरी जातात.

दुसरं विशिष्टाद्वैत. हे फोर-स्ट्रोकवाल्यांचं. इथे मिश्रणाचा क्रँककेसशी संबंध नाही. झडप डोक्यात असते, आणि समोरासमोरच्या सिलिंडरांची डोकी एकमेकांपासून होता होईल तेवढी लांब असतात. मग कार्ब्युरेटर मध्ये, मागच्या बाजूला, आणि तिथून दोन नळ्या दोन टोकांना. तत्त्व एक, पण त्याला दोन शाखा. ओसाकाच्या ओ.एस. कंपनीची जेमिनी ही इंजिनं या पंथाची.

तिसरं शुद्ध द्वैत. डावा सिलिंडर वेगळा, उजवा वेगळा, प्रत्येकाला त्याचा कार्ब्युरेटर आणि कुणी कुणाच्या घासात हात घालायचा नाही. इंग्लंडच्या लेझर कंपनीनं आपल्या व्ही-ट्विन इंजिनांना दोन कार्ब्युरेटर दिले. जपानच्या साइतो कंपनीनं मात्र कमाल केली. तिनं सुमारे ३० सीसीचं एकच इंजिन दोन्ही तऱ्हांनी काढलं. एफए-१८२टी म्हणजे एका कार्ब्युरेटरचं, एफए-१८२टीडी म्हणजे दोनांचं. दोन्ही मठांना एकाच दुकानातून प्रसाद विकण्याची ही हातोटी आपल्या देवस्थानांनाही साधलेली नाही.

विशिष्टाद्वैतींचं म्हणणं ऐकायला गोड असतं. सुई एक, सर्व्होला जोडलेली दांडी एक, बिघडलं तर गुन्हेगार एक. त्यांची अडचण वाटपात आहे. आमच्या सोसायटीत गच्चीवर पाण्याची टाकी एकच आहे. तळमजल्यावर नळ सोडला की बादली पळायला लागते आणि वरच्या मजल्यावर नळ फक्त उसासे टाकतो. टाकी भरलेली असते, पाइपही सारखाच जाड असतो, सेक्रेटरीही प्रामाणिक असतो, तरी हे होतं. तसंच इथे. नळीचं वळण अर्ध्या अंशानं वेगळं असलं, एखादा सांधा जरासा हवा घेत असला, की एक सिलिंडर रिच होऊन धूर सोडतो आणि दुसरा लीन होऊन तापतो. सुई एकच असल्यामुळे तुम्ही एकाला सुधारायला जाता आणि दुसरा बिघडतो.

त्यात मिथेनॉलचा स्वभाव. पेट्रोल सुमारे १४.७ पट हवेशी जळतं, मिथेनॉलला ६.४ पट पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त इंधन लागतं. शिवाय त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या तिपटीच्या आसपास उष्णता लागते. ही उष्णता ते नळीतूनच उचलतं, त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हातही त्या नळीवर दव जमतं. गार नळीत वाफ पुन्हा थेंब होते, थेंब भिंतीला चिकटतो, ओघळतो आणि विमान ज्या बाजूला कललं असेल त्या बाजूच्या सिलिंडराच्या घशात जातो. म्हणजे डावं वळण घेतलं की डावीकडे मेजवानी आणि उजवीकडे एकादशी.

द्वैती हे सगळं ऐकून मंद हसतात. कार्ब्युरेटर थेट सिलिंडराला भिडलेला, नळी बोटभर, थेंबाला वाट चुकायला जागाच नाही. मग तुमची अडचण काय, असं विचारलं की ते लगेच खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढतात. हा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशात पेनाच्या जागी असतो. काही जणांच्या तो सत्यनारायणाच्या पूजेलाही असतो.

दोन कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन सुया, म्हणजे चार स्क्रू. प्रत्येक स्क्रू आत फिरतो आणि बाहेरही फिरतो, म्हणजे अष्टदिशा. शिवाय दोन्ही बॅरल एकदम आणि सारखेच उघडावेत म्हणून त्यांना जोडणारी दांडी. पूर्ण थ्रॉटलला दोघांत केसभर फरक असला तरी बिघडत नाही, कारण वाट मोठी असते. आयडलला मात्र वाटच केसभराची असते, तिथे केसभर फरक म्हणजे एकाला दुप्पट आणि एकाला निम्मं. म्हणून सगळा विधी आयडलला.

विधी असा. एकानं शेपूट धरायचं. दुसऱ्यानं टॅकोमीटर प्रॉपसमोर धरायचा. तिसऱ्यानं इंधनाची नळी क्षणभर चिमटायची. फेरे वाढले तर रिच होतं, तत्क्षणी पडले तर लीन. चौथ्यानं म्हणायचं, "मी सांगितलंच होतं." या चौथ्याशिवाय आजवर एकही इंजिन ट्यून झाल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे टॅकोमीटरला प्रॉप दिसतो, सिलिंडर दिसत नाही. शाफ्ट एकच, त्यामुळे दोघांच्या नावावर एकच हजेरी लागते. राबतंय कोण आणि नुसतं फिरतंय कोण, हे आकड्यावरून कळत नाही. ते कळावं म्हणून दुरून तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक आणतात. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची बंदूक इथे निरुपयोगी, सिलिंडरचं डोकं शंभराच्या वर तापतं आणि ती ते बघून गप्प होते. बंदुकीवर ज्यांचा विश्वास नाही ते बोट ओलं करून एक्झॉस्टच्या नळ्यांना टेकवतात. चर्र झालं तर सिलिंडर चालू आहे. नाही झालं तर बंद आहे. बोट भाजून घेतल्याशिवाय मिळालेल्या ज्ञानाला जुनी पिढी ज्ञान मानत नाही.

एवढं करून दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. सगळे एकमेकांकडे बघतात. तोवर ऊन वर आलेलं असतं, हवा विरळ झालेली असते आणि मिश्रण रिच झालेलं असतं. पुन्हा स्क्रूड्रायव्हर.

कोण कुठल्या पंथात जाणार, हे तरुणपणीच ठरतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी तारेला बांधलेली विमानं उडवली, ते हटकून एका कार्ब्युरेटरचे. त्या विमानांच्या इंजिनाला बहुधा थ्रॉटलच नसे. एक सुई, एक उघडा गळा आणि टाकी संपेस्तोवर पूर्ण वेगात उडवणाऱ्याभोवती प्रदक्षिणा. अशी निःसंशय तारुण्याची सवय झालेल्या माणसाला दुसरा कार्ब्युरेटर ही उधळपट्टी वाटते. उलट, १९८३ नंतर ज्यांनी राजदूत ३५० चालवली ते सगळे द्वैती. त्या यामाहाच्या गाडीला दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर होते. दोन्हींच्या केबल जुळल्या की गाडी उडायची, नाही जुळल्या की गाडी आणि मालक दोघंही मेकॅनिककडे पडून असायचे. पेठेतला मेकॅनिक इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि "डावा मागं पडतोय" असं सांगायचा. मालकाला काहीच ऐकू येत नसे, पण तो मान डोलवायचा. त्या मान डोलावण्यातून पुढे द्वैतमत जन्माला आलं. गाडी ॲव्हरेज काय देते, हे द्वैतींना तेव्हाही विचारायचं नव्हतं आणि आताही विचारायचं नाही.

दोन्ही पंथांकडे इतिहास तयार असतो. द्वैती ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ५०३ चा दाखला देतात. अल्ट्रालाइट विमानांचं हे दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक इंजिन एका कार्ब्युरेटरनं ४६ अश्वशक्तीच्या आसपास देतं, दोनांनी ५० च्या. १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर १२ मोटरसायकलला एका कार्ब्युरेटरनं १८ अश्वशक्ती मिळे, दोनांनी २०. म्हणजे दुसऱ्या कार्ब्युरेटरचा बाजारभाव दोन ते चार घोडे. अद्वैती म्हणतात, चार घोड्यांसाठी एवढा तबेला कोण सांभाळणार? मग ते आपला हुकमाचा एक्का काढतात. राइट बंधूंचं १९०३ चं विमान. चार सिलिंडर, सुमारे १२ अश्वशक्ती आणि आजच्या अर्थानं कार्ब्युरेटर शून्य! पेट्रोल वरून ठिबकायचं, तापलेल्या धातूवर त्याची वाफ व्हायची आणि ती हवेबरोबर आत ओढली जायची. इंजिनाच्या विमानातून माणूस पहिल्यांदा उडाला तो कार्ब्युरेटरच्या वादाशिवाय, हे सांगताना अद्वैत्याचा गळा दाटून येतो. द्वैती शांतपणे विचारतो, "आणि किती वेळ उडाला?" पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं होतं. त्यावर पुढचा अर्धा तास जातो.

या सगळ्यात खरा दुःखाचा प्रसंग म्हणजे सिलिंडर पडणं. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमची वेटोळी तार असते, ती आधीच्या जळणाच्या धगीवर आणि मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या क्रियेवर लाल राहते आणि पुढचं मिश्रण पेटवते. फोर-स्ट्रोकमध्ये हा पेटण्याचा क्षण दोन फेऱ्यांतून एकदा येतो. आयडलला मधला काळ लांबतो, त्यात एखादा थेंब जास्तीचा आला की तार विझते. मग एक सिलिंडर गार पडतो आणि दुसरा त्याला ओढत राहतो. विमान उतरायला आलेलं असतं, अशा वेळी थ्रॉटल उघडला की अर्ध्याहून कमीच ताकद मिळते. विमान बाभळीकडे बघतं, बाभळ विमानाकडे बघते.

अशा वेळी विमान एका कार्ब्युरेटरचं असेल तर द्वैती म्हणतात, "वाटप चुकलं." मालक म्हणतो, "प्लग." विमान दोन कार्ब्युरेटरांचं असेल तर अद्वैती म्हणतात, "मेळ चुकला." मालक म्हणतो, "प्लग." प्लग हा माळावरचा सर्वमान्य आरोपी आहे. त्याला वकील नाही, तो स्वस्त आहे आणि तो बदलला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. धोरणी माणसं हळू थ्रॉटलला प्लग तापत राहावा म्हणून विमानातच एक बॅटरी बसवतात. त्यानं निम्म्या तक्रारी जातात. पण तिचं कौतुक कुणी करत नाही, कारण त्या बॅटरीला स्क्रू नसतो.

आणि माझ्या मते सगळं इथेच आहे. माणसाला अडचण चालते, फक्त तिला स्क्रू हवा. नळीत जमणाऱ्या थेंबाचं तुम्ही काही करू शकत नाही, म्हणून त्याचा राग येतो. चार सुयांचं सतत काही ना काही करता येतं, म्हणून तो छंद. एका कार्ब्युरेटरवाला स्वतःला ओळखून असतो. हाताशी दुसरा स्क्रू आला तर आपण तो फिरवल्याशिवाय राहणार नाही, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो स्क्रूच कमी ठेवतो. तो साधेपणाचा भक्त नव्हे, साधेपणा हे त्याचं पथ्य आहे. दोन कार्ब्युरेटरवाल्याला पथ्य मान्य नाही.

या दोघांच्या मध्ये अधूनमधून एक चार्वाक येतो. त्याच्या विमानाला इलेक्ट्रिक मोटर असते. सुई नाही, थेंब नाही, एरंडेल नाही, परलोक नाही. तो बॅटरी लावतो, उडवतो, उतरवतो, बॅटरी काढतो, दुसरी लावतो. सकाळभरात सर्वांत जास्त उड्डाणं त्याची होतात आणि सर्वांत कमी माणसं त्याच्याशी बोलतात. बोलायचं तरी काय? "चार्ज आहे का?" "आहे." संपला संवाद. अद्वैती आणि द्वैती इतर कशावरही भांडोत, या गृहस्थाकडे पाहून एकमेकांना चहा पाजतात.

वास्तविक मूळ प्रश्नाचं उत्तर चार ओळींत मावतं. दोघांची क्रँककेस सामायिक असेल तर एकच कार्ब्युरेटर, दुसऱ्याला कामच नाही. टू-स्ट्रोक असून क्रँककेसचे कप्पे वेगळे असतील तर दोनांनी थोडी ताकद वाढते. फोर-स्ट्रोकमध्ये नळ्या लांब असतील आणि इंधन मिथेनॉल असेल तर दोन बरे, पण जुळवायची चिकाटी हवी. चिकाटी नसेल तर एक ठेवा, जरा रिच चालवा आणि प्लगखाली बॅटरीचा टेकू द्या.

हे उत्तर माळावर प्रत्येकाला पाठ आहे. नव्या पोरांनी विचारलं तर कुजबुजत सांगतातसुद्धा. मोठ्यानं मात्र कुणी म्हणत नाही. म्हटलं तर मग ऊन चढेपर्यंत विमानं उडवत बसावं लागेल, आणि त्यात धोका फार. उडवलेली विमानं बाभळीवर जातात, विहिरीत जातात, शेजारच्या उसात जाऊन दिवाळीनंतर तोडणीच्या वेळी सापडतात. चर्चेत आजवर एकही विमान पडलेलं नाही.